खांदेरीचं रापणं : १:३५० प्रमाणातल्या एका पाणबुडीचं प्रकरण

जूनच्या पहिल्या आठवड्यात मैत्रिणीचा फोन आला. तिच्या वडिलांना डिसेंबरमध्ये पंचाहत्तर पूर्ण होणार होती. काका नौदलात होते आणि त्यातली काही वर्षं पाणबुडीवर, आयएनएस खांदेरीच्या इलेक्ट्रिकल विभागात. निवृत्तीनंतर ते कोथरूडला स्थायिक झाले. घरात नौदलाची खूण म्हणून भिंतीवर एक जुना ग्रुप फोटो, बस. मैत्रीण म्हणाली, "बाबांना त्यांची बोट करून देशील?"

मी बारा वर्षं मॉडेल्स करते आहे, बहुतेक विमानं आणि थोडे रणगाडे. पाणबुडी हातात घेतली नव्हती. तरी हो म्हटलं, आणि ८ डिसेंबर ही तारीख ठरवली. १९६७ साली त्या दिवशी रिगा इथं आपली पहिली पाणबुडी कलवरी नौदलात दाखल झाली. तो आपला पाणबुडी दिन, आणि काकांच्या वाढदिवसाच्या जवळचाही.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की मॉडेल बांधताना फारसं काही चुकलं नाही, पण ते रापवताना सगळंच चुकलं. मॉडेलवर वापराच्या आणि ऊन-पाण्याच्या खुणा रंगवणं, याला आपल्या मॉडेलवाल्या मंडळींत 'वेदरिंग' हाच शब्द चालतो. मला मात्र आता 'रापणं' जास्त पटतं. ऊन-वाऱ्यात काम करून माणूस रापतो आणि त्याच्याकडे बघून तो काय काम करतो ते कळतं. माझ्या पहिल्या खांदेरीकडे बघून काहीच कळत नव्हतं.

बोट आणि किट

जुनी खांदेरी ६ डिसेंबर १९६८ ला दाखल झाली आणि १८ ऑक्टोबर १९८९ ला निवृत्त झाली. कलवरी, खांदेरी, करंज आणि कुरसुरा या चार बहिणी, सोव्हिएत प्रोजेक्ट ६४१ घराण्यातल्या, नाटोच्या भाषेत फॉक्सट्रॉट. लांबी ९१.३ मीटर, तीन डिझेल इंजिनं, तीन पंखे (प्रोपेलर), टॉर्पेडोच्या दहा नळ्या (सहा पुढे, चार मागे). नाव आपल्या थळसमोरच्या बेटावरून घेतलेलं. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तिथं किल्ला बांधायला घेतला आणि इंग्रजांशी व सिद्दीशी त्यावरून समुद्रात झुंज झाली. २०१९ मध्ये दाखल झालेली नवी खांदेरी वेगळी. ती स्कॉर्पीन जातीची, आणि क्रमांक मात्र तोच, एस-२२. इंटरनेटवर नुसतं 'खांदेरी' शोधलं तर दोन्ही बोटींचे फोटो एकत्र समोर येतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

चौघींपैकी अख्खी शिल्लक आहे ती कुरसुरा. विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर ती २००२ पासून संग्रहालय म्हणून उभी आहे. आकारासाठी मी तिचेच फोटो वापरले. रंगासाठी तिच्यावर विसंबता येत नाही, कारण संग्रहालयात रंगाचे थर देखभालीसाठी आणि पाहुण्यांसाठी चढतात.

किट बाहेरदेशातल्या एका छोट्या कंपनीचं, १:३५० प्रमाणातलं. म्हणजे मॉडेलची लांबी २६ सेंटिमीटरला थोडी वर. हलचे, म्हणजे बोटीच्या मुख्य अंगाचे, दोन अर्धे भाग, जुळवायला खुंट्या नाहीत, आणि शेपटीकडे पाऊण मिलिमीटरची फट. ती फेविक्विक आणि खाण्याचा सोडा टाकून भरली, घासली, पुन्हा भरली. यात नवीन काही नाही.

वेळ लागला तो केसिंगच्या भोकांना. फॉक्सट्रॉटला दोन कवचं असतात. आत दाब सोसणारं जाड कवच, बाहेर त्यावर पातळ पत्र्याचं आवरण. वरच्या बाजूचं आवरण, ज्यावर खलाशी उभे राहतात, ते केसिंग. डुबकी मारताना त्यात पाणी मुक्तपणे शिरावं आणि वर येताना निचरावं म्हणून दोन्ही बाजूंना आडव्या भोकांच्या रांगा असतात. किटमध्ये ही भोकं नुसत्या उथळ खळग्यांसारखी होती. पिन व्हाइसमध्ये, म्हणजे हातानं फिरवायच्या बारीक पकडीत, ०.४ मिलिमीटरचं ड्रिल लावून मी प्रत्येक भोक आरपार केलं. चार संध्याकाळी त्यातच गेल्या. रात्री डोळे मिटले तरी भोकांची रांग दिसायची. पण पुढे सगळं रापणं या भोकांपासूनच सुरू झालं, त्यामुळे त्या चार संध्याकाळी सत्कारणी लागल्या असं आज खात्रीनं वाटतं.

कठड्यांसाठी तपकीर गल्लीतून मोटर वाइंडिंगची ०.१ मिलिमीटरची तांब्याची तार आणली. प्रमाणात ती साडेतीन सेंटिमीटर जाडीची होते. खऱ्या कठड्याला शोभेल इतकीच.

पहिला प्रयत्न

जुलैच्या मध्याला काळा रंग मारून झाला आणि मी रापवायला बसले. रणगाड्यांवर जे वर्षानुवर्षं केलं तेच केलं. भोकांखाली केशरी गंजाचे लांब ओघळ. कडांवर स्पंजनं उडवलेले रंगाचे टवके. फिनवर म्हणजे बोटीच्या वरच्या उंच भागावर चौकोनी फिकट ठिगळं. फोटो काढला तर झकास दिसत होतं.

काकांना अंदाज यावा म्हणून एका रविवारी डब्यात घालून नेलं. काकांनी चष्मा लावला, मॉडेल खिडकीजवळ नेलं आणि बराच वेळ बघितलं. मग अगदी शांतपणे विचारलं, "अगं, ही बोट कुणी टाकून दिली होती का?"

मी गप्प झाले. मैत्रीण म्हणाली, "बाबा, तिनं किती मेहनत घेतलीये." काका म्हणाले, "मेहनत दिसतेच आहे. भोकं तर तिनं एकेक कोरलीत. पण पोरी, गंज दिसला की आम्ही हातोडी घेऊन बसायचो. बंदरात आलो की चिपिंग आणि पेंटिंग, चिपिंग आणि पेंटिंग. एवढा गंज आमच्या बोटीवर कुणी राहू दिला असता का?"

घरी येऊन मी माझे सगळे संदर्भ फोटो टेबलावर मांडले आणि प्रत्येकाखाली तारीख आणि ठिकाण लिहिलं. हे काम रंगाला हात लावण्याआधी करायला हवं होतं. केशरी ओघळ कुठून आले ते लगेच सापडलं. मी इंग्लंडमधल्या मेडवे नदीत वर्षानुवर्षं नुसती बांधून ठेवलेल्या एका सोव्हिएत फॉक्सट्रॉटचे फोटो समोर ठेवले होते. ती खरोखरच टाकून दिलेली बोट आहे. काकांनी अचूक ओळखलं होतं.

चौकोनी ठिगळांचं मूळ आणखी वेगळं निघालं. ती मी सिंधुघोष वर्गाच्या, म्हणजे किलो जातीच्या बोटींवरून घेतली होती. १९८६ पासून आलेल्या त्या बोटींवर आवाज शोषणाऱ्या रबरी फरशा चिकटवलेल्या असतात. त्यातली एखादी निघाली की खाली चौकोन दिसतो. फॉक्सट्रॉटवर अशा फरशा नव्हत्याच. तिच्या अंगावर नुसतं पोलाद आणि रंग. मी एका पिढीच्या बोटीचं दुखणं दुसऱ्या पिढीच्या अंगावर काढलं होतं. उलटही तितकंच चुकीचं ठरेल: किलोच्या रबरावर गंजाचे ओघळ काढणारी मॉडेल्स मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि रबर गंजत नाही.

तिसरी चूक प्रमाणाची, आणि तिचा मला सर्वांत जास्त त्रास झाला, कारण ती साध्या गुणाकारानं कळली असती. माझे ओघळ सरासरी दोन मिलिमीटर रुंद होते. ३५० नं गुणलं तर सत्तर सेंटिमीटर. म्हणजे प्रत्येक भोकाखाली दाराच्या रुंदीचा गंजाचा पट्टा! स्पंजनं उडवलेला अर्ध्या मिलिमीटरचा टवका खऱ्या बोटीवर साडेसतरा सेंटिमीटरचा. त्या बोटीचा एक खलाशी माझ्या मॉडेलवर पाच मिलिमीटरही उंच भरणार नाही. रणगाडा मी १:३५ मध्ये करते. तिथला हात इथं दहापट जड पडला.

काकांची सकाळ

पुढच्या रविवारी मी वही घेऊन गेले. "बोट कशी दिसायची?" असं विचारून काही हाती लागलं नाही. काका म्हणाले, "कधीची? ड्राय डॉकमधून निघाल्यावर नव्या नवरीसारखी. गस्तीवरून आल्यावर निराळी." या उत्तरानं कामाला दिशा मिळाली. बोटीचं रापणं म्हणजे एका ठरावीक दिवसाची तिची अवस्था. तो दिवस ठरला नाही तर मी पाच वेगवेगळ्या वर्षांचा मळ एकाच हलवर चढवणार.

काकांनी दिवस निवडला. काही आठवडे समुद्रावर काढून विशाखापट्टणमला परत येतानाची सकाळ. डॉल्फिन्स नोजची टेकडी डावीकडे, आणि दोरखंड टाकायला काही जण केसिंगवर उभे. एरवी काकांचं जग खाली बॅटऱ्यांमध्ये. ४४८ सेल्स, त्यांचं डिस्टिल्ड वॉटर, त्यांचं तापमान. "म्हणून ती सकाळ लक्षात राहिली," ते म्हणाले. "इतक्या दिवसांनी ऊन बघितलं की जवळच्या वस्तूसुद्धा नीट दिसतात."

मग मी नेमके प्रश्न विचारले. पाय ठेवायच्या जागी रंग कसा असायचा? घासलेला, राखाडीकडे झुकलेला, पण पोलाद उघडं नाही. भोकांखाली काय? "पाणी. बराच वेळ पाणी गळत राहायचं. ते वाळलं की पांढरट." गंज कुठे? काकांनी विचार करून बोटांवर मोजलं: नांगराच्या तोंडाशी, बोलार्डपाशी (दोरखंड बांधायचा खुंटा), जिथं दोरखंड घासतात तिथं, आणि भोकांच्या खालच्या कडेला थोडा. रंग केशरी नाही, "चहाच्या डागासारखा". पाण्याच्या रेषेला? हिरवं शेवाळ. मागे धुराची तोंडं होती त्यांच्यापाशी काजळी.

यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण आहे आणि कारण कळलं की ब्रश कुठे थांबवायचा तेही कळतं. मीठ दिसायचं तर पाणी वाळायला हवं. म्हणून ते केसिंगच्या माथ्यावर आणि फिनच्या वरच्या भागात जास्त, आणि सतत ओल्या राहणाऱ्या पाण्याच्या रेषेजवळ जवळजवळ नाहीच. शेवाळाला उजेड लागतो, म्हणून त्याचा पट्टा पाण्याच्या रेषेलगत दाट आणि खाली जाताना विरळ. काळा रंग उन्हानं पांढुरका पडतो, कारण ऊन रंगातला बांधणारा घटक खातं आणि भुकटी वर उरते. ते आकाशाकडे तोंड करून असलेल्या पृष्ठभागांवर. बाजूंना तेवढं नाही. आणि ओघळाची दिशा: जहाजावर तो सरळ खाली येतो, पाणबुडीचं पोट गोल असल्यामुळे तो वळत जातो आणि जिथं पाणी हलला चिकटून सगळीकडे पसरतं तिथं विरून जातो. माझे पहिले ओघळ भिंतीवरच्या पागोळीसारखे सरळसोट होते.

दुसरा प्रयत्न आणि पाऊस

सगळं काढून टाकलं. तैलरंग टर्पेंटाइननं, खालचा अॅक्रिलिक आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, जुन्या टूथब्रशनं घासून. प्रायमर टिकला, दोन कठडे गेले, ते पुन्हा केले.

नव्यानं काळा मारताना शुद्ध काळा वापरला नाही. २६ सेंटिमीटरच्या वस्तूवर शुद्ध काळा रंग तपशील गिळून टाकतो, आणि शंभर मीटरवरून दिसणारी खरी काळी बोटही हवेमुळे थोडी फिकीच दिसते. मी सहा भाग मॅट काळा, तीन भाग गडद राखाडी आणि एक भाग तपकिरी असं मिश्रण केलं. त्याच मिश्रणात आणखी राखाडी घालून फक्त वरच्या पृष्ठभागांवर एअरब्रशनं पातळ, ढगाळ थर दिले. तळाला तांबूस तपकिरी. शंख-शिंपले धरू नयेत म्हणून तळाला जो रंग लावतात त्यात क्युप्रस ऑक्साइड वापरत आले आहेत आणि ते मुळातच तांबूस असतं, म्हणून हा रंग निवडला. पंख्यांवरचा सोनेरी झगमगाट तपकिरी-हिरवट वॉशनं, म्हणजे अगदी पातळ केलेल्या रंगानं, मारला.

ऑगस्टच्या एका संध्याकाळी, बाहेर पावसाची रिपरिप चालू असताना, मी घाईनं लॅकर वार्निशचा डबा उचलला आणि फवारला. पाच मिनिटांत अर्धी बोट दुधाळ झाली.

हे का होतं ते पुण्यात पावसाळ्यात फवारणाऱ्या प्रत्येकानं समजून घ्यावं. वार्निशमधलं द्रावण झपाट्यानं उडतं आणि उडताना पृष्ठभाग गार करतं. हवेत ओल भरपूर असली, आणि जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते, तर त्या गार पृष्ठभागावर बाष्प धरतं. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसंच. ते पाणी वाळणाऱ्या वार्निशमध्ये अडकतं आणि पांढरं दिसतं.

इथं एक मोह झाला, तो नोंदवते. दुधाळ डाग मिठासारखे दिसत होते. वाटलं, राहू द्यावेत. पण ते पाण्याच्या रेषेखाली होते, पंख्यांपाशी होते, जिथं मीठ वाळण्याचा प्रश्नच नाही तिथं होते. काकांनी एका नजरेत पकडलं असतं. मी तीन दिवस थांबले, उघडीप मिळालेल्या दुपारी मॉडेल हेअर ड्रायरनं कोमट केलं आणि हळू वाळणारं थिनर अगदी हलकं, धुक्यासारखं फवारलं. त्यानं वरचा थर पुन्हा सैल होतो आणि अडकलेली ओल निघून जाते. दुसऱ्या हातात डाग गेले. तेव्हापासून टेबलावर आर्द्रतामापक आहे. ६५ च्या वर काटा असेल तर फवारणी नाही. गणपतीच्या दिवसांत तर मी एअरब्रश कपाटातच ठेवला. स्वयंपाकघरात दिवसभर मोदकपात्र चालू होतं.

ओघळांचं काम ऑक्टोबरमध्ये केलं, जेव्हा हवा कोरडी झाली. अप्पा बळवंत चौकातून कॅमलचे तैलरंग आणले. ट्यूबमधला रंग आधी अर्धा तास पुठ्ठ्यावर काढून ठेवला, म्हणजे जादा जवसतेल पुठ्ठा पितो आणि रंग मॅट वाळतो. मग एका भोकाचं काम असं चाललं. सुईच्या टोकानं भोकाच्या खालच्या कडेला पांढऱ्याचा ठिपका, त्यात नखभर पिवळी माती मिसळलेली, कारण नुसता पांढरा काळ्यावर निळसर दिसतो. दहा मिनिटं थांबायचं. सपाट ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून फडक्यावर जवळजवळ कोरडा करायचा आणि ठिपका पोटाच्या वळणानं एकदाच खाली ओढायचा. दुसऱ्यांदा ओढला की चिखल होतो. ओघळ ०.३ मिलिमीटर रुंद, म्हणजे प्रत्यक्षात दहा सेंटिमीटरच्या आसपास. मग शेजारच्या भोकाला मुद्दाम काहीच नाही. त्याच्या पलीकडे अर्धाच. सगळी भोकं सारखी गळत नाहीत.

गंजासाठी कच्चा अंबर आणि जळका अंबर हे तपकिरी रंग, केशरी अजिबात नाही. नांगराच्या तोंडाशी एक, बोलार्डांपाशी चार ठिपके, भोकांच्या कडांना दर पाच-सहा भोकांमागे एखादा. तेवढंच. केसिंगच्या मधोमध, माणसं चालतात तिथं, राखाडी पेस्टलची पूड बोटानं घासून घेतली. शेवाळाला ऑलिव्ह हिरव्यात थोडा तपकिरी, वरची कड आडवी पण खरबरीत, खालची विरलेली. शेवटी मॅट वार्निश. काटा ५२ वर होता.

८ डिसेंबर

या वेळी काकांनी मॉडेल खिडकीजवळ नेलं नाही. जेवणाच्या टेबलावरच ठेवलं, आणि डोळे बोटीच्या पातळीवर येतील असे वाकले. मागून पाहिलं, पुढून पाहिलं. केसिंगवरची घासलेली वाट बघून मान हलवली. ठिगळांच्या जागी आता काहीच नाही हेही त्यांच्या लक्षात आलं. मैत्रिणीनं चहा आणला तो तसाच राहिला.

मग त्यांनी विचारलं, "रंग आणलेत का बरोबर?"

छोटी पेटी गाडीत होती. मी घेऊन आले. काकांनी फिनच्या पुढच्या, डाव्या बाजूच्या बोलार्डाकडे बोट दाखवलं. "इथला दोरखंड माझ्याकडे असायचा. कितीही रंगवलं तरी इथं खाली एक डाग परत यायचा. चहाच्या रंगाचा. बोटभर लांब."

"तुमचं बोट, काका, की मॉडेलवरचं?"

"माझं."

सात-आठ सेंटिमीटर धरले तर मॉडेलवर पाव मिलिमीटरही होत नाही. मी सुईच्या टोकावर जळका अंबर घेतला, श्वास धरला आणि ठिपका ठेवला. काकांनी भिंग मागितलं, बघितलं आणि म्हणाले, "थोडा डावीकडे हवा होता. पण राहू दे, दोरखंड दर वेळी त्याच जागी कुठे घासतो."